मराठी कथा-कादंबरीतलं पुराण, परंपरा, मरण आणि घाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही जण एकत्र बसून मराठी कथा-कादंबऱ्या वाचतो. नव्याने लिहिणारे लोक आपली हस्तलिखितंही वाचायला पाठवतात. त्या निमित्ताने काही प्रश्न इतक्या वेळा येतात की त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं वाटलं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. पौराणिक कादंबरी आणि ऐतिहासिक कादंबरी यांत नेमका फरक काय?

ऐतिहासिक कादंबरीला कागदाचा धाक असतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, ती लेखकाला पुढेमागे सरकवता येत नाही. पत्रं आहेत, बखरी आहेत, हिशेबाचे कागद आहेत. चूक झाली तर वाचक बोट ठेवून दाखवतो.

पुराणकथेला तारीख नाही. तिची रूपं मात्र ढीगभर. कीर्तनातली द्रौपदी वेगळी, आजीने सांगितलेली वेगळी, तमाशाच्या वगातली आणखी वेगळी. त्यामुळे पौराणिक कादंबरी लिहिणाऱ्याला मोकळीक जास्त मिळते, पण त्याची गाठ प्रत्येक वाचकाच्या मनातल्या कथेशी असते. ही परीक्षा मला कागदाच्या धाकाहून कठीण वाटते.

२. महाभारत मुळातून वाचलेलं नाही. तरी या कादंबऱ्या कळतील का? सुरुवात कुठून करू?

कळतील. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी पुरेशा आहेत. वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) आधी घ्या. गोष्ट सरळ आहे: शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने सांगत जातात, म्हणून वाचताना अडखळायला होत नाही. मग शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७). या दोन्ही झाल्या की इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ उघडा. ती कादंबरी नाही, महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत. पण कादंबऱ्यांनी हळवं झालेलं मन ते ताळ्यावर आणतं. क्रम उलटा केलात तर कादंबऱ्यांचा आनंद थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

३. मराठी वाचकाला कर्णच इतका का आवडतो? अर्जुनावर कुणी तितकं का लिहीत नाही?

आदिपर्वातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रंगभूमीवर शस्त्रविद्येचं प्रदर्शन चाललंय. एक अनोळखी तरुण येतो, अर्जुनाने केलं ते सगळं करून दाखवतो आणि द्वंद्व मागतो. तेव्हा कृपाचार्य त्याला विचारतात, तुझं कुळ कोणतं? आणि त्याची मान खाली जाते.

‘मृत्युंजय’ आली तेव्हा सावंत सत्तावीस वर्षांचे होते, आजऱ्यासारख्या गावातून आलेले. त्या काळात गावागावांतून घराण्यातली पहिली शिकणारी पिढी कॉलेजात आणि कचेऱ्यांत शिरत होती. काम येत असूनही आडनाव विचारलं जाणं त्या पिढीने रोज सोसलं होतं. त्या वाचकाला कर्ण समजावून सांगावा लागला नाही. अर्जुनाला कुणी कुळ विचारलं नाही, म्हणून त्याच्या वाट्याला हा जिव्हाळा आला नाही. पुराण आणि वाचणाऱ्याचा काळ एकमेकांना असे भेटतात.

पण एक विसरू नये. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल सर्वांत विखारी बोलणाऱ्यांत हाच कर्ण आहे. इरावतीबाईंनी कर्णावरच्या लेखाला ‘मी कोण?’ असं नाव दिलं आणि त्याला कसलीही सवलत दिली नाही. कर्णाला आपलंसं करणाऱ्या कुठल्याही कादंबरीत मी आधी सभापर्व शोधतो. लेखक तिथे थांबला की घाईने पुढे गेला, यावरून पुष्कळ कळतं.

४. मूळ कथेत नसलेले प्रसंग लेखकाने घातले तर चालतात का?

चालतात. आपण मूळ समजतो त्यातलंही पुष्कळ नंतरच्यांनी घातलेलं असतं. मयसभेत पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ म्हणाली, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पुरी झालेली महाभारताची चिकित्सित (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती उघडून पाहा. ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. तरी लोकांनी ते पिढ्यानपिढ्या जपलं, कारण एवढ्या संहाराचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायचं होतं, आणि ते एका बाईच्या हसण्यावर फोडणं सोपं होतं.

म्हणून भर घालताना मी एवढंच विचारतो: या भरीने कुणाचं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं? ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. मूळ कथेत कर्णाच्या बायकोला जवळजवळ आवाजच नाही. तिला बोलतं करणारी भर मला मान्य आहे.

५. माझ्या कथेत गावची जत्रा, विधी आहेत. किती वर्णन करू? शहरी वाचकाला समजावून सांगावं लागतं ना?

समजावून सांगायला बसलात की कथा थांबते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ची (१९५९) सुरुवातीची पानं वाचा. जत्रेत जोगणीचा, म्हणजे देवीच्या प्रतीकाचा, मान असतो. एका गावाची जोगणी दुसऱ्या गावाने पळवून आणली तर मान त्या गावाकडे जातो, पण आणणारा शीव ओलांडण्याआधी सापडला तर त्याचं मुंडकं जातं. फकिराचा बाप राणोजी जोगणी आणतो आणि जिवाला मुकतो. ही प्रथा कधी सुरू झाली, तिचा अर्थ काय, यावर अण्णा भाऊ प्रवचन देत नाहीत. शीव किती लांब राहिली आणि मागून घोडी किती जवळ आली, एवढ्यावर वाचकाचा श्वास अडकवून ठेवतात. प्रथा आपोआप कळते, कारण तिच्यापायी माणूस मरतो.

विधीत कुणाला काय गमवावं लागतं हे तुम्हाला ठाऊक असेल तर दोन ओळी पुरतात. ते ठाऊक नसेल तर दहा पानांनीही भागणार नाही.

६. मी देव-धर्म मानत नाही. मग ‘अंगात येणं’ कसं लिहू? खोटं लिहिल्यासारखं वाटतं.

खरं-खोटं ठरवायचं काम कथेच्या अंगावर घेऊ नका. अंगात आल्यावर ती बाई काय बोलते, कुणाला उद्देशून बोलते आणि कोण मान खाली घालतं, ते पाहा. वर्षभर ओसरीवरही न बसणारी सून वारं आल्यावर सासऱ्याला एकेरीत हाक मारते आणि तो हात जोडून उभा राहतो, हे आमच्याकडे अनेकांनी पाहिलेलं आहे. तेवढं नीट लिहिलं तरी पुष्कळ झालं.

त्याच वेळी परंपरेने माणसाचं काय केलं यावरही नजर हवी. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्या यल्लमाला सोडलेल्या जोगतिणी-जोगत्यांच्या आहेत. भंडारा, जग (देवीची मूर्ती असलेली परडी), चौंडक्याचा आवाज सगळं तिथे आहे, आणि त्या आवाजाखाली एका माणसाचं आयुष्य कसं परस्पर दुसऱ्यांनी ठरवून टाकलं तेही आहे. श्रद्धेची टवाळी एका वाक्यातही नाही, आणि म्हणूनच त्या वाचताना पोटात खड्डा पडतो.

७. मरणाचा प्रसंग लिहिला की तो नाटकी होतो. काय करावं?

रडण्यापासून दूर जा, कामांजवळ जा. आपल्याकडे घरात मयत झालं की बघता बघता कामं निघतात. कुणी बांबू आणायला जातं, कुणी मडकं. चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. दुःख त्या कामांच्या फटीतून दिसतं.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आजीचा दहावा नदीवर होता. पिंड मांडले, सगळे मागे सरकले, कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. अर्धा तास गेला. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. थोरले काका म्हणाले, धाकट्याचं लग्न करून देऊ. आत्या म्हणाली, तुझी तुळस मी नेते. कावळा काही हलेना. शेवटी धाकटी काकू पुढे आली. तिचं आणि आजीचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पदर सावरत ती हळू आवाजात म्हणाली, “तुमचा पितळेचा डबा माझ्याकडेच आहे. मीच नेला होता. देते.” त्या डब्यावरून घरात काय काय झालं होतं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी वर पाहिलं नाही. कावळा तरीही शिवला नाही. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. डबा दुसऱ्या दिवशी ओट्यावर होता.

कावळा ही आपल्याकडे मेलेल्या माणसाशी शेवटचं बोलायची सोय आहे. कथेत दहावा येतो तेव्हा मी पाहतो की कोण काय कबूल करतं. कावळा शिवला की नाही हे त्यानंतर.

८. दहावा, तेरावा, पिंड, कावळा… हे सगळ्या मराठी घरांत असतंच ना?

नाही, आणि हस्तलिखितांत ही चूक मला वारंवार दिसते. लिंगायत घरात दहन नसतं. देह बसवून समाधी देतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि बौद्ध घरांतून पिंड-कावळा गेला. तिथे त्रिसरण-पंचशील होतं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. मुसलमान घरात जनाजा आणि दफन, पुढे अनेक ठिकाणी चाळिसावा. ख्रिस्ती घरात चर्चमधली मिस्सा आणि कबरीवर फुलं, मेणबत्त्या. हिंदू घरांतही जातीप्रमाणे आणि मुलखाप्रमाणे फरक पडतो. विदर्भात ‘तेरवी’ म्हणतील. कोल्हापूर-सांगलीकडे तिसऱ्या दिवशी ‘राख सावडायला’ जातील, आणि अलीकडे तिथली कित्येक घरं ती राख नदीत न सोडता शेतात झाडाच्या मुळाशी घालतात.

पात्राचं आडनाव आणि गाव ठरलं की आधी त्या गावच्या माणसाला विचारा. ‘अंत्यसंस्कार झाले’ असं मोघम लिहून सुटू नका. लोक ‘माती दिली’ म्हणतात की ‘मातीला गेलो’ की ‘उरकलं’, त्यात सगळं घर कळतं.

९. गरिबाच्या घरचं मरण लिहिताना फक्त कणव येते. तिच्या पलीकडे कसं जायचं?

अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ वाचा. खाणीतलं काम बंद पडलेला भीमा मुंबईच्या वेशीवर प्रेतांच्या राखेत सोनं शोधायला लागतो. राख चाळतो, पुरलेली मढी उकरतो, रात्री कोल्ह्यांशी झुंजतो. एका प्रेताच्या तोंडात बोटं घालतो आणि ती जबड्यात अडकतात. बोटं जातात, आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडायला आता त्याला हात नाही.

या कथेत मरणाचं भय कुठेच नाही, कारण भूक त्याच्याही पुढे आहे. जिथे बाकीचे दहाव्याला हात जोडून उभे राहतात, तिथे हा माणूस कामाला जातो. भीमा धिप्पाड आहे, हिंमतीचा आहे, आपल्या धंद्याचं समर्थनही करतो. त्याची कीव करायला लेखक वाचकाला सवडच देत नाही.

१०. दुःख आणि मनावरचा घाव यांत फरक काय? कथेत तो कसा दिसतो?

दुःखाला आपल्याकडे मुदत आहे. सुतक दहा दिवसांचं, मग तेरावा, मग वर्षश्राद्ध. प्रत्येक टप्प्यावर समाज माणसाला थोडं थोडं परत आणतो. घाव म्हणजे ज्याला ही मुदत लागू पडली नाही तो.

पुराणात याचं रूप अश्वत्थामा आहे. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, रक्त-पुवाने वाहणारा, मरणही न मिळालेला. वाढदिवसाला आपण ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो…’ म्हणून ज्या सात चिरंजीवांची नावं घेतो, त्यांत पहिला हाच. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत त्याची यात्रा भरते, आणि जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो असं लोक सांगतात. पण झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांना मारणाराही तोच आहे. कथा लिहिणारे बहुधा घायाळ माणसाला निष्पाप करून टाकतात. व्यासांनी तसं केलं नाही. हे मला फार मोठं वाटतं.

इतिहासातही असे घाव आहेत. ‘पानिपत झालं’, ‘विश्वास पानिपतात मेला’ असं आपण आजही सहज बोलतो. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा तो दिवस भाषेत शिल्लक आहे. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या, पण नवरा मेला हे त्यांनी कधीच मानलं नाही आणि वैधव्याची खूण घेतली नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्या मागे गेले, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. प्रेत न सापडलेल्या माणसाचा दहावा करायचा कसा? त्या एका प्रश्नावर पुरी कादंबरी उभी राहू शकते.

आणि गद्यातच घाव कसा उतरतो हे पाहायचं तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). पांडुरंगची धाकटी बहीण मनी, देवी येऊन, मरते. तोवर टवाळी करत चाललेली ती भाषा तिथे पार कोसळते. ‘देवी येऊन’ हे शब्दही पाहा. जो रोग पोर नेतो त्यालाच आपण देवी म्हणत आलो. पुराण, परंपरा आणि मरण एका शब्दात.

११. ताज्या आपत्तीवर लिहावं का? आमच्या भागातल्या लोकांनी खूप सोसलंय.

लिहा, पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांना आधी ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या आसपास, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. इतक्या जणांना एकदम अग्नी द्यावा लागला की कुणाचा दहावा कुठे आणि कधी, हा हिशेबच राहिला नाही. नंतर कित्येक दिवस लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते. तिकडच्या माणसाशी बोललात तर तो आकडे सांगत नाही. कुठली भिंत आधी पडली, आपण कुठल्या कुशीवर होतो, हे सांगतो.

आपत्ती मोठी म्हणून कथा मोठी होत नाही. एक घर, एक रात्र धरा. आणि ‘देवाचा कोप’ वगैरे निवेदकाच्या तोंडी घालू नका. पात्र म्हणालं तर म्हणू द्या, त्याला तो हक्क आहे.

१२. मुलांना मरण असलेली पुस्तकं द्यावीत का?

द्यावीत. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती छापली गेली, आणि तेव्हापासून मराठी मुलं त्या पुस्तकाच्या शेवटी रडत आली आहेत. श्याम दूर असताना आई जाते, त्याला पोचायला उशीर होतो. मुलाला हे कळतं. फक्त ते पान वाचताना घरातलं कुणीतरी जवळ असावं, आणि नंतर येणाऱ्या प्रश्नांना ‘देवबाप्पाकडे गेली’ एवढ्यावर टोलवू नये.

१३. माझ्याच घरातलं मरण लिहायचं आहे. नातेवाईक दुखावतील. काय करू?

नावं आणि गाव बदला, हे सगळेच सांगतात. त्याने परके फसतात, घरचे नाही. म्हणून आधी पूर्ण लिहून काढा, कुणाला न दाखवता. मग एकेका माणसापाशी थांबून पाहा की त्याला स्वतःची बाजू मांडायला कथेत जागा आहे का. नसेल तर करा. कुणाची लाज विनाकारण उघडी पडत असेल तर तेवढं काढा. कथा बहुधा त्यावाचून उभी राहते.

जे हयात आहेत आणि ज्यांच्या तोंडचे शब्द तुम्ही घेतले आहेत, त्यांना छापण्याआधी वाचून दाखवा. प्रश्न ७ मधला डब्याचा प्रसंग लिहिण्याआधी मी काकूकडे गेलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, “डबा पितळेचा नव्हता रे, तांब्याचा होता. पण राहू दे तसंच.”